देवी टोचलेला कोंबडा

हौसाचं नाव ज्या कुणी हौसा ठेवलं, त्याला एकदा मधल्यावाडीत आणून तिच्यासमोर उभं करायला हवं होतं. हौसमौज हा प्रकार त्या बाईच्या वाटेला कधी गेलाच नाही. लहानपणी घरात देवी आल्या. धाकटा भाऊ त्यात गेला, आणि हौसा वाचली ती तोंडभर वण घेऊन. त्या वणांपायी लग्न रखडलं, आणि जमलं तेव्हा हेदवीच्या अलीकडच्या या वाडीतल्या काशीरामाशी जमलं. काशीराम मुंबईला गोदीत कामाला. लग्न झाल्यावर त्याने बायकोला घरी ठेवलं, दाराची किल्ली तिच्या हातात दिली आणि तो परत बोटींच्या मागे गेला. मूलबाळ झालं नाही. उरली थोडी भातशेती, उरल्या कोंबड्या आणि उरली जीभ. जिभेला मात्र तिने चांगली धार लावून ठेवली होती. ती विहिरीवर आली की बायका अर्धीच कळशी भरून निघतात, असं वाडीत म्हणत. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

बाकीच्या घरांतले चाकरमानी गणपतीला येत, शिमग्याला येत. काशीराम दोन्हीला येत नसे. घराण्याचा गणपती चुलतभावाकडे, रावजीकडे बसायचा, तेव्हा माझं काय अडलंय तिथे, असं त्याचं म्हणणं. शिमग्याला गोदीत बोटींची गर्दी असे, निदान तो तसं सांगत असे. तो वर्षातून एकदाच यायचा, मार्गशीर्षात, वाडीच्या राखणीला. कारण राखणीच्या कोंबड्याचा मान त्याच्या घराचा होता.

हा मान म्हणजे काय, ते सांगायला हवं. शिवेवरच्या राखणदाराला वाडी दरवर्षी कोंबडा देते. तो वाडीच्याच हद्दीत अंड्यातून निघालेला हवा, बाहेरून आणलेला चालत नाही. अंगावर खोट नको. त्याला बांधायचं नाही, पाय धरून उलटा न्यायचा नाही. मानकऱ्याच्या उजव्या हातावर बसून त्याने देवळापासून शिवेपर्यंत जायचं. पुढे ढोल, त्यामागे मानकरी, त्याच्यामागे अख्खी वाडी. मानकऱ्याच्या पुढे गावकराने, म्हणजे वाडीच्या प्रमुखानेसुद्धा पाऊल टाकायचं नाही. वर्षभर गोदीत ज्याच्या त्याच्या शिव्या खाणारा काशीराम त्या दिवशी पांढरी टोपी घालून असा चालायचा, की सगळं बंदर त्याच्याच बापाचं. कोंबडा हातावर निश्चल बसलेला. "काशीरामाच्या हाताला गुण हाय," असं लोक म्हणत.

गुण हौसाच्या हाताला होता. आषाढापासून ती त्या कोंबड्याला रोज संध्याकाळी आपल्या हातावर घ्यायची. पडवीतून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून माडांच्या आगरात, आगरातून परत. नखं रुतून हात सोलवटायचा. ढोलाची सवय व्हावी म्हणून कमरेला पत्र्याचा डबा बांधून तो डाव्या हाताने बडवायची. वाडी हसायची. एरवी कुणाचं उधार न ठेवणारी हौसा या बाबतीत कुणाला उलटून बोलत नसे.

राखणदारावर तिची फार भक्ती होती असं नाही. मुंबईत काशीरामाचं दुसरं बिऱ्हाड आहे, हे तिला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी राखणीला आला तेव्हा तो जेवताना मीठ मागून घ्यायला लागला. पुढच्या वर्षीही तेच. हौसाच्या कालवणात मीठ कमी नव्हतं, त्याच्या जिभेला दुसऱ्या हाताची सवय लागली होती. तिने पानात मीठ वाढलं. मुंबईत त्याला सगळं मिळत होतं, हा मान तेवढा मिळत नव्हता. मान होता तोवर नवरा वर्षातून एकदा उंबरा ओलांडणार होता. लोकांच्या लेखी ती देवाचा कोंबडा पाळत होती. खरं तर ती नवऱ्याला घरी आणत होती.

चौऱ्याऐंशी साली पाऊस सरतासरता पलीकडच्या वाडीत कोंबड्यांना देवी आल्या. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला मसुरीएवढ्या गाठी. डोळे चिकटून बंद. काहींचा घसा आतून भरलेला, दाणा गिळवत नाही. हौसा जाऊन डोळ्यांनी बघून आली. कोंबडा मेला तर काशीराम कशाला यायचा?

त्याच सुमाराला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला अयूब वाडीत आला. खांद्याला बर्फ भरलेला थर्मास आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. खाडीकाठचा माणूस, त्याचा आवाज भरतीच्या पाण्यावरून पलीकडे पोचायचा. पाणंदीतूनच त्याने हाळी दिली, "देवी टोचायला आलोय, देवी! कोंबड्या धरून ठेवा!"

त्याच्या लेखी तो रोजच्या कामाचा शब्द. माणसांना टोचत तेव्हाही लोक देवी टोचणंच म्हणत. त्या दिवशी कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. बायकांनी खुराड्यांतून कोंबड्या काढून दिल्या. कोंबडीचा पंख पसरायचा, दोन टोकांची सुई लशीत बुडवायची आणि पंखाच्या पातळ कातडीतून आरपार काढायची, एवढंच काम. "आजारी कोंबडीला डास चावतो, आणि तोच येऊन तुमच्या कोंबडीला चावतो," अयूब सांगत होता. "आता डासाला काय सांगणार, वयनी, की बाबा ह्या घरात जाव नको?"

रावजीची बायको सखू, म्हणजे हौसाची जाऊ, जरा घाबरट. टोचल्यावर गाठ येते असं ऐकून तिने आपला सगळ्यात चांगला कोंबडा गुपचूप टोपलीखाली घातला. हौसा मात्र तांबडा कोंबडा हातावर घेऊनच पुढे आली. अयूबही जरा थबकला.

"हा देवाचा ना? ह्याला पण टोचू?"

"ह्याला पयला टोच," हौसा म्हणाली.

भाऊ गेला ते तिने पाहिलं होतं. तेव्हा घरच्यांनी सुईवाल्याला दारातून परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट तिने आईला शेवटपर्यंत माफ केली नव्हती. तिने स्वतः पंख पसरून धरला. आठवड्याने अयूब बघायला आला तेव्हा टोचलेल्या जागी गाठ धरली होती. "लस लागली," तो म्हणाला. "आता ह्याला काय व्हायचं नाय." त्या दिवशी विहिरीवर हौसा कुणालाही टोचून बोलली नाही.

राखणीला काशीराम आला. आंघोळ करून, टोपी घालून त्याने कोंबडा हातावर घेतला आणि मिरवणूक शिवेवर गेली. राखणदारापुढे ठेवण्याआधी गुरव कोंबड्याचं अंग बघतो. विठू गुरवाने तुरा बघितला, पाय बघितले, मग पंख उघडला. कातडीवर काळी, सुकत आलेली खपली होती.

"ह्ये काय?"

काशीरामाला काय माहीत असणार! कोंबड्याचं तोंड त्याने त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याने मागे बायकांच्या घोळक्याकडे बघून विचारलं, "काय केलंस गो ह्याला?"

"देवी टोचलीय त्येला," हौसा म्हणाली. "मरू नये म्हणून."

काटा लागला, एवढं म्हणाली असती तर विठूने दोन अक्षता टाकून वेळ मारून नेली असती. पण खोटं बोलण्यासारखं आपण काही केलंय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. विठूने चटका बसल्यागत हात मागे घेतला.

"देवी? म्हंजे देवीनं आदीच शिवलाय ह्याला. ही तिची निशाणी. दुसरीच्या नावाचा झालेला कोंबडा मी राखणदाराफुडं कसा ठेवू? दोगांचाबी कोप व्हायचा."

स्वतःच्या कोंबड्या धरून अयूबपुढे रांगेने उभी राहिलेली हीच माणसं. एकालाही म्हणावंसं वाटलं नाही, की अरे, ते औषधाचं नाव आहे. सगळ्यांनी खपलीकडे बघितलं, आणि मग कुणी न सांगता सगळ्यांच्या नजरा हौसाच्या तोंडावरच्या वणांकडे वळल्या. सखाराम गावकर घसा खाकरून म्हणाला, "रावजी, तुज्याकडं हाय ना रे एक कोंबडा? आणव बगू."

तेव्हा हौसाचा तोल गेला. बायकांमधून चार पावलं पुढे येऊन ती म्हणाली, "दुसरीचा झाला म्हनून कोंबडा चालत नाय तुमाला! आणि ज्याच्या हातावर तो बसलाय, तो कोनाचा झालाय ते साऱ्या वाडीला ठावं हाय. तो बरा चालला इतकी वर्सं!"

ढोलवाल्याचा हात थांबला. काशीरामाने कोंबडा हातावरून झटकून टाकला, टोपी काढून खिशात कोंबली आणि सरळ घराची वाट धरली. हौसा मागोमाग धावली. तो पिशवी भरत होता. दुपारच्या एसटीला निघताना उंबऱ्यावर तो एवढंच बोलला, "हितं एवढं एकच व्हतं माजं. तेबी तू टोचून घालवलंस."

सुईने टोचून की जिभेने, ते त्याने सांगितलं नाही. हौसाने पुढे कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यात घोळवलं, आणि दोन्ही अर्थांनी ते खरं असल्यामुळे तिचा अधिकच संताप झाला.

त्या वर्षी मान रावजीकडे गेला तो पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच राहिला. काशीराम आला नाही. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर अयूब थर्मास घेऊन आला तेव्हा वाडीने त्याला पाणंदीतूनच परत फिरवला. देवीच्या कामात सुई घालायची नाही, असं आता ठरलं होतं. अयूबच्या कानावर सगळं आलं होतं. हौसाच्या पडवीत तो चोरासारखा बसला.

"वयनी, मी नुसतं लस म्हणायला पायजे व्हतं. आता सगळीकडं लसच म्हणतो."

"आता म्हनून काय उपेग?" हौसा म्हणाली. "टोच सगळ्यांना. माज्या खुराड्यात आता देवाचा कोन नाय."

तिने एकूण एक पिल्लू टोचून घेतलं. प्रेमाने नव्हे, रागाने. वाडी नको म्हणते म्हणून टोचून घेतलं. आणि वाडीला दिसावं म्हणून ती रोज कोंबड्या मुद्दाम पाणंदीत सोडायची.

शहाऐंशी साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. आगरांत, भाताच्या खाचरांत, माडांच्या आळ्यांत पाणी साचून राहिलं, आणि डास इतके झाले की संध्याकाळी गोठ्यात धूर केल्याशिवाय जनावर उभं राहीना. मग मधल्यावाडीत देवी आल्या. घराघरांतल्या कोंबड्या आंधळ्या होऊन भिंतींना धडकू लागल्या. बायकांनी हळद लावली, कडुलिंबाचे डहाळे खुराड्यांना बांधले, देवीला दहीभात ठेवला. कोंबड्या मरत राहिल्या. चौऱ्याऐंशीला टोचलेल्या एव्हाना बहुतेक पोटात गेल्या होत्या, आणि नंतरची पैदास सगळी बिनटोचलेली. हौसाच्या कोंबड्या मात्र साऱ्या वाडीदेखत शेण उकरत फिरत होत्या.

एका दुपारी तिने सखूला पडवीत बसलेली बघितली. मांडीवर आंधळी कोंबडी, आणि सखू तिची चोच उघडून बोटाने मऊ भात भरवतेय. भात बाहेर येत होता. हौसा कुंपणापाशी थांबून म्हणाली, "कशाला भरवतंस? देवीचा वाटा हाय तो. घेऊ दे की तिला."

सखूने मान वर केली नाही, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोलून हौसाला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी पोचेपर्यंत बरं वाटलं. मग चुलीपुढे बसल्यावर तिला स्वतःचीच किळस आली, कारण सखूने तिचं कधी काही वाकडं केलं नव्हतं.

मार्गशीर्ष जवळ आला तसा वाडीत पेच पडला. राखणीसाठी वाडीच्या हद्दीतला कोंबडा हवा, आणि जिवंत कोंबडे होते ते फक्त हौसाच्या खुराड्यात. मग एके सकाळी सखाराम गावकर, विठू गुरव आणि रावजी तिच्या पडवीत येऊन बसले. सुपारीच्या पिकावर बोलणं झालं, गुहागरच्या रस्त्यावर झालं, कुणाच्या गुडघ्यावर झालं. हौसा दाराला टेकून ऐकत राहिली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटी विठू म्हणाला, "मी कौल लावला व्हता गो. उजवा आला. खपली पडून गेलेली असली तर चालतं म्हनतो देव."

"देवाला चालतं, की तुमचं अडलंय?"

"तुजी जीभ!" सखाराम गावकर म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"कोंबडा देते," हौसा म्हणाली. "पण मान माज्या घराचा माज्या घरात. काशीराम उचलेल."

रावजीचं तोंड उतरलं. दोन वर्षांत त्यालाही टोपीची चटक लागली होती. पण दुसरा कोंबडा नव्हता, तेव्हा बोलणार काय? गावकराने मान हलवली. "दिला मान. बोलाव त्याला."

ते निघून गेल्यावर हौसा कितीतरी वेळ दारातच उभी होती. ती हसत होती. वाडीने तिला हसताना पाहिलं नाही ते बरंच झालं, कुणाला खरं वाटलं नसतं. लवू म्हणून वाडीतला एक जण कामानिमित्त मुंबईला जाऊन आठवड्यात परतणार होता. त्याच्याकडे तिने निरोप दिला: मान परत मिळालाय, गावकराने स्वतः शब्द दिलाय, राखणीच्या आदल्या दिवशी ये.

मग तिने घर सारवून घेतलं. कोंबड्याला हातावर घेऊन, डबा बडवत, ती पुन्हा आगरात फेऱ्या मारू लागली. तिने काशीरामाला आवडणारी सुकी कोळंबी आणली. एक दिवस कालवणात तिने मीठ वाढवून बघितलं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. त्याला तिकडे कितपत लागत असेल याचा अंदाज घेत ती एकटी ते खारट कालवण जेवली. कुणाच्या तरी चुलीची नक्कल आपण करतोय, हे तिला कळत होतं. तरी केली.

राखणीच्या आदल्या दिवशी लवू एसटीतून उतरला, तो एकटाच. हौसा थांब्यावर उभी होती. तिने त्याच्यामागे दारातून उतरणारी बाकीची माणसं बघितली, कंडक्टरने घंटी मारली, गाडी गेली.

"रजा नाय गावली काय?" तिनेच विचारलं, त्याला सोपं जावं म्हणून.

लवू पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. "काकी, तो म्हनाला, रावजी उचलतोय ना दोन वर्सं, मंग उचलू दे त्यालाच. माजं काय अडलंय, म्हनाला."

"रागात व्हता?"

"नाय. रागात नव्हता. हसून बोलला. च्या पाजलान. घाईत व्हता जरा, पोराला ताप भरला व्हता, डागदरकडं..." आणि लवूने जीभ चावली.

रागात असता तर बरं झालं असतं. राग असतो तिथे माणूस कधीतरी परततो, अशी हौसाची समजूत होती, आणि दोन वर्षं ती त्या समजुतीवर जगली होती. आपल्या बोलण्याने त्याला घालवलं, असं तिने स्वतःला बोल लावून घेतला होता. मान परत मिळवला की तोही परत येईल, असा तिने हिशोब घातला होता. आणि तो तिकडे पोराच्या तापात होता. त्याला ना कोंबडा आठवत होता, ना मान, ना तिची जीभ. इतकी वर्षं ज्या दोरीने आपण त्याला बांधलंय असं ती समजत होती, ती दोरी तिच्याच हातात होती. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. लवू काहीबाही बोलत होता. हौसाने त्याला विचारलं, जेवलास काय, आणि उत्तराची वाट न बघता ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः कोंबडा घेऊन रावजीच्या दारात गेली. रावजी गोंधळला. "वयनी, काशीरामदादा?"

"धरा तुमी," ती म्हणाली.

कोंबडा रावजीच्या हातावर राहीना. पंख फडफडवी, खाली उडी मारी. ढोलवाला खोळंबला, लोक हसायला लागले. हौसाने कोंबड्याला उचललं, मानेखाली बोट फिरवून शांत केलं आणि रावजीच्या हातावर बसवलं. "हात सरळ ठेवा, भावोजी. चालताना कोपर हलवू नका. तो बसेल." तो बसला. मिरवणूक निघाली. "रावजीच्या हाताला गुण हाय," असं मागे कुणीतरी म्हणालं.

शिवेवर विठू गुरवाने तुरा बघितला, पाय बघितले. पंख या खेपेला उघडून बघितले नाहीत. कोंबडा राखणदारापुढे ठेवून, हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं. गुराढोरांना राख, पिकापाण्याला राख, वाडीवर आलेली इडापिडा शिवेपार कर. प्रत्येक वाक्याला वाडी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मग आवाज चढवून विठू म्हणाला, "आणि बा म्हाराजा, जी लेकरं पोटासाठी मुंबईला गेली असतील, त्यांना सुखी ठेव, आणि ज्याला त्याला आपापल्या घराकडं आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

हौसाचे ओठ हलले नाहीत. शेजारी उभ्या सखूच्या ते लक्षात आलं. तिने हळूच कोपराने ढोसलं. "जाऊबाय, म्हना की. भावोजींसाठी म्हना."

"तुमी म्हना," हौसा म्हणाली. "माजा कोन मुंबईला गेलेला नाय."